दुसऱ्याचं समजून सांभाळा

एखादी गोष्ट कुणाच्या ताब्यात देताना आपण सहज म्हणतो, आपलीच समजून सांभाळ. मला हे वाक्य हल्ली खटकतं. आपल्या वस्तूचं आपण काहीही करतो, मोडतो, विकतो, धूळ खात ठेवतो, विचारणारं कोण? स्टुअर्डशिप म्हणजे मला याच्या नेमकं उलट वाटतं. वस्तू आपली नाही, निर्णय मात्र आपल्या हातात आहेत, आणि हिशोब द्यायचाय. नुसती राखण नाही ही, वापरायचं पण आहे आणि पुढच्यासाठी शिल्लक पण ठेवायचंय.

सगळ्यात पटणारं उदाहरण अँटिबायोटिक्सचं. बऱ्याच हॉस्पिटलमधे अँटिमायक्रोबियल स्टुअर्डशिपची टीमच असते, कुठल्या पेशंटला कुठलं औषध, किती दिवस, कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाला दाद देतो हे सांगणारा कल्चर रिपोर्ट आल्यावर ते बदलायचं की थांबवायचं हे बघणारी. कारण बीपीची गोळी मी घेतली म्हणून तुमची गोळी कमी गुण देत नाही, पण अँटिबायोटिक जितकं उगाच वापरलं जातं तितके त्याला दाद न देणारे जंतू उरतात आणि दुसऱ्यांपर्यंत पसरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने तर 1945 साली नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की पेनिसिलिनचा डोस अपुरा पडला तर जंतू त्याला जुमानणार नाहीत. सर्दी, फ्लू व्हायरसमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तरी मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधून घेणारे असतातच. गोळी पैसे देऊन आणली म्हणून माझी हे ठीक, पण तिची ताकद माझ्या एकट्याची कशी?

पैशाच्या व्यवहारातही हेच. 2008 च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनमधे 2010 ला स्टुअर्डशिप कोड नावाची आचारसंहिता आली, लोकांचे पेन्शनचे वगैरे पैसे गुंतवणाऱ्यांनी त्या कंपन्यांवर लक्ष ठेवावं म्हणून. 2020 च्या कोडपासून नुसती धोरणं लिहून भागत नाही, काय केलं आणि त्यातून काय झालं तेही सांगावं लागतं. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो.

आणि यासाठी मोठं पदच लागतं असं नाही हां. ग्रुपचे पैसे जमवणारा कुणी मागायच्या आधीच हिशोब टाकतो, किंवा नोकरी सोडणारा माणूस कुठली फाइल कुठे आहे, काय अर्धवट राहिलंय, कुणाशी बोलायचं हे नीट लिहून ठेवतो, ती स्टुअर्डशिपच. अशी माणसं मला मनापासून आवडतात, त्यांच्या जागी येणाऱ्याला पहिला महिना सगळ्यांना फोन करत बसावं लागत नाही.