बॉल हातात नसताना

रिपोर्ट परत आला तेव्हा पहिल्याच पानावर, माझ्या नावाच्या खाली, लाल अक्षरांत एक ओळ होती: "हे सगळं मला पेपरात वाचायला मिळतं. तू काय पाहिलंस ते लिही."

२०२२ चा जानेवारी संपत आला होता. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी आणि रात्री आठवड्यातून दोनदा बास्केटबॉल स्काउटिंगचा, म्हणजे खेळाडू पारखण्याचा, ऑनलाइन कोर्स, असं माझं चाललं होतं. शिकवणारे गृहस्थ आधी कॉलेज टीमचे असिस्टंट कोच होते, मग काही वर्षं व्यावसायिक स्काउट. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'कोच' म्हणायचो. काम एकच दिलेलं: कॉलेजमधला एक खेळाडू निवडा, त्याला प्रत्यक्ष आणि व्हिडिओवर पाहा, आणि एनबीए ड्राफ्टच्या दृष्टीने दोन पानं लिहा. ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या टीम दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम. नागपूरला दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "चाळिशीत हे काय करून राहिला बे तू?" समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या पलीकडे गेलो नाही, ती खाज अजून अंगात होती, एवढंच.

खेळाडू मी सोयीने निवडला. आम्ही सांता क्लाराला राहतो. एल कॅमिनो रिआलवर आम्ही किराणा आणतो ते देशी दुकान आहे, आणि त्याच रस्त्याला सांता क्लारा युनिव्हर्सिटी. तिथल्या लीव्ही सेंटरमध्ये गोंझागा या गाजलेल्या कॉलेज टीमची मॅच सोडली तर सहसा गर्दी नसते, तिकीट मिळतं, गाडी लावायला जागा मिळते. ही टीम देशभर टीव्हीवर झळकणाऱ्यांतली नाही. याच कॉलेजातून पुढे एनबीएत गाजलेला स्टीव्ह नॅश निघाला आणि १९९६ च्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर गेला, हे गावातले जुने लोक अजून कालच घडल्यासारखं सांगतात. पण त्याच्यानंतर इथून पहिल्या फेरीत कोणी गेलं नव्हतं.

त्या वर्षी टीममध्ये जेलन विल्यम्स होता. तिसरं वर्ष, विंग (कोर्टच्या कडांवर खेळणारा), कागदावर उंची ६ फूट ६ इंच. ॲरिझोनातल्या गिल्बर्टच्या शाळेत तो आधी लहानखुरा गार्ड (बॉल सांभाळत पुढे नेणारा) होता आणि उंची उशिरा वाढली. त्यामुळे अंग विंगचं आणि हातातलं कसब गार्डचं, असं झालेलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मॅचला सरासरी ७.७ पॉइंट काढणारा हा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस १८ वर पोचला, वर चारपेक्षा जास्त रिबाउंड आणि चारपेक्षा जास्त असिस्ट. म्हणजे सगळंच थोडं थोडं. आपल्याकडे अशा माणसाला लगेच 'अष्टपैलू' म्हणून मोकळं होतात, आणि माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मीही तेच केलं. पास करतो, ड्रिबल करतो, शूट करतो, रिबाउंड घेतो. दोन पानं भरली.

कोचनी ऑनलाइन भेटीत रिपोर्ट उघडला आणि विचारलं, "सांता क्लारात बॉल कोणाच्या हातात असतो?"

"त्याच्याच."

"एनबीएत पहिली दोन वर्षं कोणाच्या हातात असेल?"

मी गप्प.

"मग तू जे काम पाहिलंस ते त्याला मिळणारच नाही. जे मिळणार ते तू पाहिलं नाहीस."

सगळी गोम इथेच आहे. चांगला कॉलेज विंग आपल्या टीमचा राजा असतो. पिक-अँड-रोल, म्हणजे साथीदाराने डिफेंडरची वाट अडवायची आणि त्या आडोशाने हल्ला करायचा, तोच चालवतो; अडलेली पझेशन (बॉल आपल्याकडे असतानाची खेळी) त्याच्याकडेच येते. ड्राफ्ट झाल्यावर तो अशा टीममध्ये जातो जिथे बॉल सांभाळणारे आधीच दोघे-तिघे आहेत. त्याने कोपऱ्यात उभं राहायचं, पास आला की क्षणात ठरवायचं: शूट, एक ड्रिबल की पुढचा पास. आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या टीमच्या चांगल्या माणसाला अडवायचं. असे प्रसंग राजाच्या वाट्याला मॅचमध्ये थोडेच येतात. स्काउटने ते वेचून काढायचे असतात.

पुढच्या मॅचला मी दीड तास आधी गेलो. तोंडावर मास्क, खिशात दोन पेन्सिली, वहीत आखून ठेवलेले रकाने. कोचचा नियम: पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, फक्त आपल्या माणसाकडे बघायचं. हे ऐकायला सोपं आहे. करताना मात्र लग्नात जाऊन नवरा-नवरीकडे पाठ करून वाढप्यांकडे बघत बसल्यासारखं वाटतं. सगळं सभागृह ओरडतंय, बास्केट झालं, आणि तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यातल्या माणसाचे गुडघे वाकलेत का ते बघताय. पहिल्या हाफमध्ये माझी नजर पंधरा-वीस वेळा तरी घसरली. शेजारच्या आजोबांनी विचारलंच, "तू मॅच बघतोयस ना?"

पण दुसऱ्या हाफमध्ये डोळे बसले. आणि दिसायला लागलं. डिफेन्समध्ये बॉल दुसऱ्या बाजूला असला की विंगने मधे सरकायचं, बास्केटकडे धावणाऱ्या उंच माणसाला अंगाने अडवायचं आणि पास परत कोपऱ्यात गेला की तिकडे धावायचं. याला 'टॅग' म्हणतात. जेलन मधे वेळेवर यायचा. परत जाताना मात्र कधीकधी ताठ उभ्यानेच जायचा, कंबर न वाकवता, त्यामुळे समोरचा एका ड्रिबलमध्ये त्याला मागे टाकू शकायचा. आणि तरी, मागे पडल्यावरही, त्याचे ते लांब हात कुठूनतरी येऊन बॉलला लागायचे. मी वहीत लिहिलं: "पाय उशिरा, हात वेळेवर." कोचना पूर्ण रिपोर्टमध्ये आवडलेली ही पहिली ओळ.

वॉर्म-अपमध्येही एक काम होतं. कॉलेजची थ्री-पॉइंट रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर असते. एनबीएची कोपरे सोडले तर २३ फूट ९ इंचांवर. म्हणजे जवळजवळ १९ इंचांचा फरक. हा मुलगा त्या मोसमात तीनच्या शॉटला ४० टक्क्यांच्या अगदी जवळ होता, पण आदल्या वर्षी ३० च्याही खाली. आणि पूर्ण मोसमाचे प्रयत्न मिळून शंभराच्या आसपास. शंभर शॉट म्हणजे काहीच नाही, पाच-सहा इकडचे तिकडे झाले की चित्र पालटतं. कोच म्हणाले, फ्री थ्रो बघ, तिथे कोणी अडवत नाही, हाताची खरी कुंडली तिथे कळते. फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या थोडा वर होता. वॉर्म-अपला तो रेषेच्या एक पाऊल मागून मारत होता आणि त्याची लय बदलत नव्हती, हात खालून वर एकाच ओघात येत होता. मी 'शूटिंग टिकेल' असं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

व्हिडिओचं काम घरी. कोर्सतर्फे काही आठवड्यांसाठी सिनर्जी हे मॅचच्या व्हिडिओंचं सॉफ्टवेअर वापरायला मिळालं होतं. त्यात प्रत्येक पझेशन प्रकारानुसार वेगळी काढून ठेवलेली असते: पिक-अँड-रोल, ट्रान्झिशन (बॉल मिळताच पलटून धावत हल्ला), स्पॉट-अप (उभ्या जागेवरून शॉट). एक क्लिक केलं की त्याने कोपऱ्यातून मारलेले सगळे शॉट एका ओळीत. मला वाटलं, अरे, हेच तर हवं होतं, उगाच तिकिटं काढली. पण अशा तुकड्यांची एक नशा असते. ओळीने सहा शॉट आत गेलेले पाहिले की सातवा चुकला तरी मन तो मोजत नाही. शिवाय तुकडा सुरू होतो तो बॉल हातात येताना. त्याआधी तो जागेवर वेळेत पोचला होता का, पोचायला त्याने किती पावलं वाया घालवली, हे त्यात नसतं. शेवटी मी आधी पूर्ण मॅच बघायची आणि मगच तुकडे, असा क्रम ठरवला. रात्री अकराला मुलगी झोपल्यावर बसायचो. बायको म्हणाली, "याच्या निम्मं लक्ष ऑफिसच्या कामात घातलंस तर प्रमोशन होईल." ते काही झालं नाही.

पिक-अँड-रोलच्या तुकड्यांतून एक गोष्ट मात्र मी कमावली. बहुतेक तरुण खेळाडू स्क्रीन, म्हणजे साथीदाराचा तो आडोसा, आली की एकाच वेगात सुटतात. हा मधेच थांबायचा. लांब पावलं टाकत, डिफेंडरला पाठीवर घेऊन, दोन्ही पायांवर उभा राहायचा आणि समोरच्या उंच माणसाने आधी निर्णय घ्यावा याची वाट बघायचा. तो पुढे आला तर त्याच्या बगलेखालून पास, मागे राहिला तर छोटा शॉट. घाई नाही. गंमत अशी की याच सवयीमुळे मी घसरलो. त्याच्याकडे डोळे दिपवणारी एकच एक गोष्ट नव्हती, ना पहिलं पाऊल विजेसारखं, ना रेषेवरून पाऊस. 'मुख्य हत्यार' या रकान्यात काय लिहावं कळेना. मी लिहिलं, "ठळक असं एकही नाही."

फेब्रुवारीत गोंझागा आमच्या गावात आली. त्यांच्याकडे सात फुटी चेट होल्मग्रेन होता. एनबीएचे स्काउट खेचून आणणारी मॅच. लीव्ही सेंटर त्या दिवशी ओळखू येईना. खऱ्या स्काउटांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. निरीक्षण करायला आलेल्यांचंच मी निरीक्षण करत बसलो. त्यांच्यापैकी कोणी बास्केट झाल्यावर मान वर करत नव्हतं. टाइम-आउट झाला की मात्र सगळ्यांच्या माना बेंचकडे. कोण कोचच्या डोळ्यात बघतोय, बाहेर काढलेला खेळाडू टॉवेल तोंडावर घेऊन बसतोय की उठून टाळ्या वाजवतोय. त्यांना पुढे ट्रेनर, शाळेचे कोच, जुने शिक्षक यांच्याशी बोलताही येतं. मला कुठलं? स्वभावाच्या रकान्यात मी टाइम-आउटला दिसलं तेवढ्या दोन ओळी लिहिल्या आणि बाकी जागा कोरी सोडली. कोचनी त्या कोऱ्या जागेशेजारी चक्क टिकमार्क केला होता.

दुसरा रिपोर्ट मार्चमध्ये दिला, टीम लास व्हेगासला कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, सेमीफायनलमध्ये सेंट मेरीजकडून हरल्यावर. माझा अंदाज: २५ ते ३५ च्या दरम्यान, म्हणजे पहिल्या फेरीचं शेपूट किंवा दुसऱ्या फेरीचं तोंड. कारणं दिली: वय २१ होणार, छोटी कॉन्फरन्स, ताठ पाय, हत्यार नाही.

मे महिन्यात शिकागोला ड्राफ्ट कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची मोजमापं आणि चाचण्या, झालं. त्याने कॉलेजला परत यायचा हक्क राखूनच नाव दिलं होतं, १ जूनपर्यंत माघार घेता येत होती. तिथे अनवाणी मोजल्यावर उंची कागदावरच्यापेक्षा कमी निघाली, साडेसहा फुटांच्या आत. पण पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी भरली ७ फूट २ इंचांच्या वर. मी दोन महिने त्या हातांकडे बघत होतो. 'हात वेळेवर' असं लिहिलंही होतं. आणि तरी ते कितीचे असतील याचा विचार केला नाही, कारण उंची छापलेली होती आणि हातांची लांबी छापलेली नव्हती. कंबाइनच्या मॅचेसमध्ये, दुसऱ्या चांगल्या खेळाडूंच्या घोळक्यात, बॉल सतत हातात नसताना तो खेळला आणि त्याचा भाव वर गेला तो खाली आलाच नाही.

२३ जूनला ब्रुकलिनमध्ये ड्राफ्ट. आमच्याकडे संध्याकाळचे पाच. मी ऑफिसातून लवकर निघून पोह्यांची ताटली घेऊन टीव्हीसमोर बसलो, निवांत, कारण माझ्या हिशोबाने दोन-अडीच तास वेळ होता. दुसऱ्या क्रमांकावर होल्मग्रेन ओक्लाहोमा सिटीला गेला. बाराव्या क्रमांकावर त्याच टीमने जेलन विल्यम्सचं नाव घेतलं. पोहे अजून गरम होते.

पुढच्या मोसमात मी त्याला मुद्दाम बॉल नसताना पाहिलं. तिथे बॉल शे गिल्जस-अलेक्झांडर आणि जॉश गिडीच्या हातात असायचा. कोच म्हणाले होते तसंच. जेलन कोपऱ्यात उभा, पास आला की एक ड्रिबल, दोन पायांवर थांबा, वाट बघणं, पास. तीच सवय, जिला मी हत्यार म्हणायला तयार नव्हतो. त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला.

२०२५ च्या जूनमध्ये फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये त्याने ४० पॉइंट काढले तेव्हा दादाचा नागपूरहून मेसेज आला, "हाच का बे तुझा पोरगा?" मी हो म्हटलं आणि जुना रिपोर्ट शोधून काढला. मला ४० पॉइंटांचं एवढं वाटलं नाही. टोचला तो दुसराच रकाना. त्याच मोसमाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरमध्ये, ओक्लाहोमाचे उंच खेळाडू जखमी होऊन बसले होते आणि या विंगला काही मॅचेसमध्ये चक्क सेंटरच्या, म्हणजे सगळ्यात उंच माणसाच्या, पाच नंबरच्या जागी सुरुवात करावी लागली होती. वर्षअखेरीस बचावासाठीच्या निवडक दहा जणांतही त्याचं नाव आलं. 'कोणत्या पोझिशनला (१ ते ५) अडवू शकेल' असा तो रकाना होता, आणि त्यात माझ्याच अक्षरात, पेन्सिलने, दोनच आकडे होते: २, ३. पुढे भरपूर जागा मोकळी.