हा चहा राहिला कुठे?

कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनासाठी मी चीनमधल्या ग्वांगजौला याआधी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा हॉटेल ते प्रदर्शन आणि प्रदर्शन ते हॉटेल, एवढंच शहर पाहिलं. तिसऱ्या खेपेला, एप्रिलमध्ये, एक दुपार मोकळी मिळाली. मेट्रोची १ नंबरची लाइन पकडली. ह्वांगशा सोडलं की गाडी पर्ल नदीच्या खालून जाते आणि पुढचंच स्टेशन फांगत्सुन. इथे चहाचा घाऊक बाजार आहे. गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या चहाच्या, दारोदार खोक्यांच्या थप्प्या. भाजी नाही, भुसार नाही, फक्त चहा.

भिंतींना घाम फुटला होता. या दिवसांत दक्षिणेकडून दमट वारा सुटला की लाद्या, आरसे, जिने सगळं ओलं होतं. तिथे त्याला 'हुइ नान त्यान' म्हणतात. मी डोंबिवलीचा, पावसाळ्यात चपलांना बुरशी आलेली पाहतच मोठा झालोय. पण चहाला बाधू नये म्हणून दुकानदार दारं-खिडक्या घट्ट लावून बसलेत, हे मात्र पहिल्यांदा पाहिलं.

मला जुना पुअर हवा होता. (नाव पुअर, भाव नाही.) हा चीनच्या युन्नान प्रांतातला, मोठ्या पानांचा चहा. पानं वाफेवर मऊ करून दाबतात आणि चपट्या गोल वड्या करतात. एक वडी ३५७ ग्रॅमची, पातळ कागदात गुंडाळलेली. अशा सात वड्यांची चळत बांबूच्या सोपटात बांधतात. कागद काढला की थेट गोवरी. आईला फोटो पाठवला तर तिचा प्रश्न, "तिकडे अजून चुली आहेत होय रे?"

यात 'शंग' म्हणजे कच्चा, वर्षानुवर्षं आपल्या चालीने मुरणारा. आणि 'शू' म्हणजे घाईने मुरवलेला. पानांचा ढीग भिजवायचा, झाकायचा आणि दीड-दोन महिने आतल्या आत तापू द्यायचा, ही युक्ती १९७३च्या सुमारास युन्नानच्या राजधानीत, कुनमिंगमध्ये बसवली गेली. ज्याने खताचा खड्डा पाहिलाय त्याला वेगळं समजावायला नको. शू वाईट नसतो. मला मात्र शंगच हवा होता.

पहिल्या दुकानात माझी फजिती झाली. कागदावर ७५४२ आकडा होता. '७५' बघून मी मनातल्या मनात चहाचं वय मोजायलाही लागलो. दुकानदार काही बोलला नाही, नुसता हसत राहिला. पुढच्या दुकानातल्या बाईंनी फोनवरच्या भाषांतरातून खुलासा केला: ७५ म्हणजे ही पाककृती १९७५ची, ४ म्हणजे पानाची प्रत आणि २ म्हणजे युन्नानमधल्या मंगहाय इथला कारखाना. चहा गेल्या वर्षीचाही असू शकतो! जुना दिसणारा कागद तर कोणीही करू शकतं, असंही त्या म्हणाल्या. २००७मध्ये याच चहाच्या भावाचा फुगा फुटला होता, ते आठवून मी पाकीट जरा आत सरकवलं.

मग त्यांनी दोन वड्या काढल्या. एकच कारखाना, एकच साल, एकाच चळतीतल्या. एक कुनमिंगला राहिलेली, दुसरी इथेच ग्वांगजौत. कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर, हवा कोरडी. बाईंनी दाभणासारखी सुई वडीच्या कडेतून घालून अलगद पापुद्रे सोडवले, झाकणाच्या वाटीत उकळतं पाणी ओतलं, पहिलं पाणी फेकून दिलं. कुनमिंगचा चहा मधाच्या रंगाचा, अजून जिभेला कडू लागणारा, मागाहून गोड. ग्वांगजौचा विटकरी, गोल चवीचा, आणि त्याला बंद पेटीचा वास. उरलेली पानं त्यांनी बोटांनी उलगडून दाखवली. पहिली ताणली तर फाटत नव्हती, दुसरी काळसर पण लवचीक. चिखलासारखा लगदा झाला असेल तर घेऊ नका, म्हणाल्या. शेजारच्या गिऱ्हाइकाचं बघून मीही प्रत्येक कपाला दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. तिकडे धन्यवाद असेच देतात.

मी कुनमिंगची वडी घेतली, ४८० युआनला. घासाघीस केली, पण बाई वीसच युआन उतरल्या.

घरी येऊन ती वडी मी साड्यांच्या कपाटात ठेवली. अंधार, वारा नाही, वाटलं उत्तम जागा. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात हे मला पंधरा दिवसांनी कपातून कळलं. चहा वास पितो. मसाल्याचा डबा, अगरबत्ती, फिनेल, काहीच सोडत नाही.

पुढच्या खेपेला त्याच बाईंकडून तशीच आणखी एक वडी आणली आणि दोन तुकडे केले. एक माझ्याकडे, माळ्यावरच्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. पावसाळ्यात दर रविवारी उघडून बुरशी नाही ना बघतो. दुसरा साताऱ्याला भावाकडे. गेल्या दिवाळीत दोन्ही शेजारी शेजारी उकळत्या पाण्यात घातले. दोन वर्षांतच माझा जरा गडद झालाय, कडवटपणा बोथटलाय. भावाचा अजून तसाच तिखट. तो माझा कप नाकाशी धरून म्हणाला, "दादा, याला तुझ्या माळ्याचा वास येतोय."