व्ही-वन कट, चिपी 27 : नोंद चौथी

जूनअखेरपर्यंत सिम्युलेटरमधल्या एटीआर 72-600 या दोन पंख्यांच्या विमानावर व्ही-वन कट, म्हणजे टेकऑफ आता थांबवता येणार नाही त्या वेगाला (व्ही-वन) होणारं इंजिन-फेल्युअर, न अडखळता हाताळायचं, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते अजून साधलेलं नाही. पण 61 प्रयत्नांनंतर मी कुठे चुकतो ते नेमकं कळलंय, आणि ती चूक पायांची नाही, हातांची आहे.

आपल्या व्हर्च्युअल एअरलाइनचं चिपी–मुंबई हे उड्डाण मी सरावासाठी घेतलंय. परुळ्याच्या सड्यावरची 2500 मीटरची धावपट्टी, पावसात वारा समुद्राकडून, म्हणून पश्चिमेकडे उडायची दिशा, 27. सडा संपला की खाली भोगवे, उजव्या हाताला कर्लीच्या खाडीचं मुख, आणि त्यापुढे नुसता समुद्र. खरी अडचण इथेच आहे. जमिनीवर एखादं झाड, एखादं कौलारू छप्पर नजरेत असतं, नाक वळलं की लगेच कळतं. जुलैतल्या ढगांत पाणी आणि आभाळ एकच करडं होतं. नाक दहा अंश डावीकडे गेलं तरी खिडकीतून काहीच कळत नाही. पहिले पंधरा प्रयत्न मी बाहेर बघत राहिलो आणि प्रत्येक वेळी निवतीच्या दिशेला भरकटलो. आता चाकं सुटली की नजर थेट हेडिंगवर (होकायंत्रावरची दिशा) आणि बॉलवर (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी खूण).

नव्यांसाठी थोडं यंत्राबद्दल. टेकऑफला पीडब्ल्यू127एम इंजिन पूर्ण ताकद लावत नाही, 2475 अश्वशक्तीवर चालतं. एक इंजिन पडलं की एटीपीसीएस ही यंत्रणा चालू इंजिनाला आपोआप 2750 पर्यंत नेते (हाच अपट्रिम), आणि काही क्षणांत बंद पडलेल्या बाजूचा पंखा फेदर करते, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात. फेदर होईपर्यंत तो पंखा विमानाला मागे ओढत असतो, त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा जोर वाढत असतो. म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांत पायाखालचा दाब सारखा बदलतो. रडर (शेपटीचं सुकाणू, पायांनी फिरवायचं) एकदा दाबला आणि काम झालं, असं इथे होत नाही. त्यातही डावं इंजिन गेलं तर जास्त जड जातं, कारण दोन्ही पंखे मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतात. जॉयस्टिक पिळून हे साधत नव्हतं. जुने पेडल मिळाले आणि दोनच दिवसांत फरक पडला.

फेल्युअर कसं लावायचं, यावर आपल्यात बरीच चर्चा झाली आहे. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये सरासरी काळावर सोडलेलं बिघाडाचं सेटिंग असतं, म्हणजे बिघाड कधीतरी अवचित येतो. बरेच जण तेच लावून महिनोन्‌महिने उडतात. मला ते पटत नाही. सहा महिन्यांत एकदा घडलेल्या गोष्टीचा सराव होत नाही, नुसता धक्का बसतो. मी ठरावीक वेगावर फेल्युअर लावलं, व्ही-वनच्या पाच नॉट पुढे, पहिले 25 प्रयत्न सगळे डाव्या इंजिनाचे. नंतर बाजू निवडायचं काम कणकवलीच्या ताईकडे दिलं. तीच उजव्या सीटवर असते, आणि मला आधी काहीच सांगत नाही.

अडतिसावा प्रयत्न. तिने उजवं इंजिन पाडलं. माझा डावा पाय आपसूक पुढे गेला, विमान सरळ राहिलं, म्हणजे पायांना बरोबर कळलं होतं. तोंडातून मात्र "डावं" निघालं आणि हाताने डावा पॉवर लिव्हर मागे ओढला. उजवा पंखा आधीच फेदर झालेला, डावं इंजिन आयडलवर (किमान ताकदीवर), उंची 900 फूट. ताई ओरडली, मी लिव्हर पुढे ढकलला, पण पाणी त्याआधी आलं.

त्या रात्री झोप लागली नाही. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशिया 235 चं हेच झालं होतं, याच विमानात. उजव्या बाजूचा पंखा चुकीच्या संकेताने फेदर झाला आणि कॅप्टनने चांगलं असलेलं डावं इंजिन बंद केलं. 58 पैकी 43 माणसं गेली. हा अहवाल मी दोनदा वाचलेला होता, तरी हात तिकडेच गेला. 25 वेळा डावंच पाडल्यामुळे हाताला डाव्याची सवय लागली होती. सरावाची माझी रचनाच चुकीची होती, आणि ज्यांनी ती माझ्याकडून घेतली त्यांनी ती आजच बदलावी.

वेंगुर्ल्याचे मामा आले होते तेव्हा हे त्यांना दाखवलं. त्यांची मासेमारीची होडी आहे, एक इंजिन आणि भोवती लाटा. ते एवढंच म्हणाले, "इंजिन बंद पडला तर पयला सुकान सांभाळूचा. इंजिनाकडे मगे बघूचा."

आता क्रम असा बसवलाय. पाय आणि नाक सांभाळायचं, अपट्रिम आणि ऑटोफेदर बघायचं, गिअर वर घ्यायचं, आणि अ‍ॅक्सिलरेशन उंची (जिथे चढ कमी करून वेग वाढवतात ती) येईपर्यंत बिघडलेल्या इंजिनाच्या एकाही लिव्हरला हात लावायचा नाही. नंतर जो पाय रिकामा आहे (पडलेलं इंजिन त्याच बाजूचं असतं) त्या बाजूचं नाव मोठ्याने घ्यायचं, टॉर्क (इंजिनाचा जोर) बघायचा, लिव्हरवर हात ठेवून थांबायचं. ताईने "कन्फर्म" म्हटल्यावरच ओढायचा. हे सगळं मी उभं राहून, सिम्युलेटर बंद ठेवून, रोज पाच मिनिटं करतो. लाइट गेलेली असली तरी करता येतं, आणि या महिन्यात ती रोजच जाते.

शेवटच्या बारा प्रयत्नांत बाजू बाराही वेळा बरोबर ओळखली. हेडिंग पाच अंशांच्या आत आठ वेळा राहिलं. उरलेल्या चार वेळा फेदर झाल्यावरही मी रडर तेवढाच धरून ठेवला होता.

व्हॅटसिमवर, म्हणजे जिथे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसतात त्या ऑनलाइन नेटवर्कवर, हे अजून केलेलं नाही. तिथे कंट्रोलर हजर असेल तेव्हाच इमर्जन्सी सांगायची, आणि त्याने थांबवायला सांगितलं तर तत्क्षणी थांबवायची. गर्दीच्या संध्याकाळी दुसऱ्यांची उड्डाणं अडवून सराव करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढचा टप्पा एका इंजिनावर गोव्यातल्या मोपाला उतरण्याचा. हवाई अंतर साधारण 25 नॉटिकल मैल, धावपट्टी 3500 मीटर. चिपीवर ढग खाली आले की तिकडेच जावं लागेल. रविवारी रात्री नऊला सुरू करतोय. ताई या वेळी नाही, त्यामुळे उजवी सीट रिकामी आहे. ज्याला बसायचंय त्याने बाजू निवडून ठेवावी, मला सांगू नये.