‘या परीक्षेची तयारी करता येत नाही’

मार्च २०२४. मुलीच्या शाळेत पालकांची बैठक होती. आम्ही इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतो. आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची, मेडिकलला जायचं ठरवलेली सात-आठ मुलं आणि त्यांचे आईवडील जमले होते. सरांनी मेडिकल प्रवेशासाठीच्या यूकॅट परीक्षेची माहिती दिली आणि शेवटी म्हणाले, ‘ही अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आहे, हिची तयारी करता येत नाही. आठवडाभर आधी नमुना प्रश्न बघा, आदल्या रात्री नीट झोपा आणि जा.’

ऐकून माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी लातूरची. २००० साली मीही मेडिकलसाठी सीईटी दिली होती. २०० गुणांची परीक्षा, त्यातले १०० जीवशास्त्राचे. पहाटे पाचला उठून ट्यूशन, मग कॉलेज, मग पुन्हा ट्यूशन, रात्री टेस्ट सिरीजचे पेपर. थोडक्यात नंबर हुकला. रिपीट करायचं तर आणखी एक वर्ष फी आणि मेसचा खर्च. अण्णा म्हणाले, ‘बाई, धाकटीचंही बघायचंय.’ मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आज इथल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. काम मनापासून आवडतं. पण ज्याच्या घरी पैसा त्यालाच दुसरा प्रयत्न, हे तेव्हा मनात रुतलं ते रुतलंच. म्हणून लेकीला घोकंपट्टीवर नाही, मुळातल्या बुद्धीवर तोलणारी परीक्षा मिळतेय याचा मला आनंद झाला होता.

ज्यांना यूकॅट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्रिटनमध्ये २००६ साली ही परीक्षा यूकेकॅट या नावानं सुरू झाली. मेडिकलला अर्ज करणाऱ्या बहुतेक सगळ्यांचे शालेय गुण उत्तमच असतात, मग निवड कशावर करायची हा विद्यापीठांपुढचा प्रश्न होता. शाळा चांगली असली की गुणही चांगले येतात, तेव्हा शाळेच्या पलीकडचं काहीतरी मोजावं, हाही विचार त्यात होता. परीक्षा संगणकावर, जुलै ते सप्टेंबरमध्ये, वर्षातून एकदाच देता येते. ते गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. जीवशास्त्र-रसायनशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. उतारे वाचून निष्कर्ष काढायचे, तर्काची कोडी सोडवायची, आकडेमोड करायची, प्रसंग देऊन ‘अशा वेळी काय योग्य’ ते ठरवायचं. २०२४ पर्यंत आणखी एक भाग होता, काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझं मत बदललं ते त्या आकृत्यांमुळे.

लेक शाळेनं सांगितलं तेवढंच करून गेली. आठवडाभर रोज तासभर. ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. निकाल लगेच कळतो. ३६०० पैकी २४२०. त्या वर्षी सरासरी अडीच हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे शाळेत कायम पहिल्या तिनांत असणारी माझी मुलगी इथे सरासरीच्या खाली. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, उताऱ्यांच्या भागात नऊ प्रश्न कोरेच राहिले. वेळच पुरला नाही.’

४४ प्रश्न, २१ मिनिटं. ती प्रत्येक उतारा पहिल्या ओळीपासून नीट वाचत बसली होती. लहानपणापासून तिला मीच तसं शिकवलंय, आधी सगळं वाच, समजून घे, मग उत्तर दे. या परीक्षेत आधी प्रश्न बघायचा, त्यातला नेमका शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळी वाचून पुढे सरकायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. यात उपजत काय आहे? ही सांगितली की पाच मिनिटांत कळणारी आणि महिनाभर केली की अंगवळणी पडणारी गोष्ट आहे. ज्यांच्या घरी आधीच कुणी डॉक्टर आहे किंवा ज्यांच्या शाळेतून दरवर्षी पंधरा मुलं मेडिकलला जातात, त्यांना हे एप्रिलपासूनच ठाऊक असतं. खाजगी शाळांतल्या मुलांना या परीक्षेत सरासरीनं जास्त गुण मिळतात, हे अभ्यासांतून दिसलेलंही आहे.

ऑक्टोबरमध्ये तिनं अर्ज केला. मेडिकलसाठी चारच विद्यापीठं निवडता येतात. चारही ठिकाणांहून मुलाखतीशिवाय नकार आले.

त्याच हिवाळ्यात मी स्वतः त्या आकृत्यांच्या नादी लागले. लेक झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. डावीकडे सहा चौकोन, तो संच अ. उजवीकडे सहा चौकोन, तो संच ब. प्रत्येक चौकोनात बाण, वर्तुळं, त्रिकोण, काही भरीव, काही पोकळ. मग एक नवा चौकोन येतो. तो अ मधला, ब मधला की दोन्हींतला नाही? ५० प्रश्नांना १२ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम चौदा सेकंद. पहिल्या रात्री माझी १७ उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी एवढी आली असती. मला वाटलं, झालं, माझ्यात ते मुळातच नाही.

तरीही सोडलं नाही. रोज रात्री वीस मिनिटं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत लिहायचे, नियम काय होता ते. भरीव आकार सम संख्येत. बाण नेहमी मोठ्या आकाराकडे. सगळ्या बाजू मोजल्या तर बारा. कोपऱ्यात वर्तुळ असेल तर त्रिकोण पोकळ. दोन आठवड्यांत लक्षात आलं की नियम फिरून फिरून तेच येतात. मग मी ठरावीक क्रमानं बघायला लागले: आधी मोजायचं, मग रंग, मग जागा, मग दिशा, मग एकाचा दुसऱ्याशी संबंध. सहाव्या आठवड्यात ३६ बरोबर.

बेचाळिसाव्या वर्षी माझी उपजत बुद्धी सहा आठवड्यांत दुप्पट झाली का? नाही. नजर बसली. आणि हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण माझं पोट त्याच्यावरच चालतं. लॅबमध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या आठवड्यात ग्रॅम स्टेनची, म्हणजे जिवाणू ओळखता यावेत म्हणून रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावून विचारायचं, ‘काय दिसतंय?’ त्यांना गुलाबी-जांभळा राडा दिसतो, बाकी काही नाही. मी शेजारी बसून दाखवते, हे पू पेशींचे गुलाबी केंद्रक, हा रंग नीट न धुतल्याचा डाग आणि हे बघ, द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोल ठिपके. घड असेल तर एक विचार, माळ असेल तर दुसरा. शंभर, दोनशे, पाचशे स्लाइड. सहा महिन्यांनी तीच मुलं दुरून ओळखतात. बघणाऱ्याला वाटतं, काय उपजत नजर आहे. काहींची नजर लवकर बसते, काहींची उशिरा, हा फरक खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण तीन महिन्यांत शिकला की सहा, याने रुग्णाच्या रिपोर्टमध्ये काही फरक पडलेला मी पाहिलेला नाही. चिकाटी नसलेल्याच्या रिपोर्टमध्ये मात्र पडतो.

पुढे कळलं की २०२५ पासून आकृत्यांचा हा भाग काढून टाकलाय. शिकवणीचा त्यावर परिणाम होतो, हे त्यामागचं एक कारण होतं. मला निर्णय पटला. पण ज्या भागाला सगळ्यांत ‘उपजत’ म्हणत होते तोच सगळ्यांत जास्त शिकवता येण्यासारखा निघाला, आणि त्या भागाच्या गुणांवर इतकी वर्षं मुलांचे प्रवेश ठरत होते, हे मनातून जात नाही.

याच सुमारास धाकट्या बहिणीशी फोनवर बोलणं झालं. तिचा मुलगा लातूरला नीटसाठी दुसऱ्यांदा बसणार होता. १८० प्रश्न, ७२० गुण, देशभरातून २२ लाखांवर मुलं. ‘ताई, तुमच्याकडचं बरं,’ ती म्हणाली, ‘पाठांतर नाही. आमचा पोरगा एनसीईआरटीचं पुस्तक पान नंबरासकट म्हणून दाखवतो.’ वर्षापूर्वी मी हो म्हटलं असतं. आता तिला सांगितलं, की तुझ्या पोराला निदान माहीत आहे काय वाचायचं ते. पुस्तक ठरलेलं आहे, बाजारात थोड्या पैशांत मिळतं आणि त्यातलं जीवशास्त्र उद्या पहिल्या वर्षाला कामी येईल. त्याच्यावर अन्याय होतो तो वेगळ्या ठिकाणी, दुसरं-तिसरं वर्ष थांबायला ज्यांना परवडतं त्यांच्याशी त्याची गाठ आहे. माझ्या लेकीवर झाला तो असा, की तयारी असते हेच तिच्यापासून लपून राहिलं.

परीक्षेनं तयारीला गुण द्यावेत, असं मी आता ठामपणे म्हणते. कोणतीही परीक्षा काढा, तयारी तिच्यात शिरणारच. प्रश्न एवढाच उरतो की ती उघड असेल की कानोकानी. उघड असेल तर शाळेनं मार्चमध्येच सांगितलं असतं की या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट आहेत आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना ७० पौंडांची परीक्षा फी माफ होते. दोन्ही गोष्टी मला स्वतः शोधाव्या लागल्या. परीक्षा घेणाऱ्यांनी लपवलेलं नव्हतं. आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ‘तयारी करता येत नाही’ या वाक्यामुळे आम्ही शोधलंही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला लेकीनं आठ आठवडे घेतले. ए लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची परीक्षा जूनमध्ये संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती बसली. क्लास लावला नाही, फुकटच्या सराव परीक्षा आणि एक वही. पहिला आठवडा घड्याळ न लावता. मग एकेका भागाला घड्याळ. आकडेमोडीला पडद्यावरचा कॅल्क्युलेटर असतो, तो माऊसनं वापरला तर वेळ जातो, म्हणून अंकांची वेगळी पट्टी असलेला जुना कीबोर्ड मी कपाटातून काढून दिला. बोटं न बघता आकड्यांवर पडायला तिला दहा दिवस लागले. परीक्षा केंद्रावर कागद नसतो, प्लास्टिकचा बोर्ड आणि मार्कर देतात, तर तीही सवय केली. शेवटच्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड पूर्ण परीक्षा, सकाळी दहाला, कारण खरी परीक्षा सकाळी दहाची होती. मधल्या दिवशी नवीन काही सोडवायचं नाही, फक्त चुका.

मधे एक वाईट आठवडा आला. गुण सलग तीन वेळा खाली गेले. ती म्हणाली, ‘माझ्यात नाहीच आहे ते, आई.’ अगदी माझंच वाक्य. मी माझी आकृत्यांची वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं पहिल्या पानावरचा १७ आणि शेवटच्या पानावरचा ३६ पाहिला, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दहाला टेबलापाशी होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये तिला २७०० पैकी २१५० मिळाले. प्रसंगांच्या भागाचा निकाल वेगळा देतात, त्यामुळे बेरजेत तीनच भाग उरून एकूण गुण आता २७०० असतात आणि सरासरी एकोणीसशेच्या आसपास होती. चारपैकी तीन विद्यापीठांनी मुलाखतीला बोलावलं. मुलाखती म्हणजे पाच-सात मिनिटांच्या एकेका टेबलावरच्या फेऱ्या. एका फेरीत शेजारच्या आजींना वाईट बातमी सांगायची होती. त्याचीही तयारी आम्ही बैठकीच्या खोलीत केली, आजी मी. तिसऱ्या खेपेला ती बातमी सांगून झाल्यावर गप्प बसायला शिकली, समोरचा बोलेपर्यंत. ही तयारी ती आयुष्यभर वापरेल.

प्रवेश मिळालाय. अण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्याऐवजी माझ्याकडे बघून हात जोडले, आणि मला पुढचं बोलता आलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या जुन्या शाळेनं तिला बोलावलं, पुढच्या तुकडीशी बोलायला. नऊ मुलं होती. घरी आल्यावर तिनं सांगितलं की मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. ‘पण ही तयारी करण्यासारखी परीक्षा नाही ना?’ तिनं फळ्यावर सराव परीक्षांच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, त्याखाली फी माफीच्या अर्जाबद्दल लिहिलं, आणि सगळ्यांनी उतरवून घेईपर्यंत पुसलं नाही.