तबकडीच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी : आमची वाटचाल

नवी पेठेतले आमचे दुकान वडिलांनी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरच्या दुरुस्तीसाठी सुरू केले. तेव्हा सोलापुरातल्या घरांमध्ये फिएस्टासारखे पेटीवजा प्लेअर असत, त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा छोटा भाग) असे आणि सुई झिजली की गिऱ्हाईक नवी पिन बसवून नेत असे. कॅसेट आल्यावर हे काम जवळपास थांबले आणि बरीच वर्षे दुकान टेपरेकॉर्डर व अ‍ॅम्प्लिफायरवर चालले. घरातल्या जुन्या एलपी माळ्यावरून पुन्हा खाली येऊ लागल्या, तेव्हा सोलापूरच नव्हे तर पंढरपूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे रसिकही एकच प्रश्न घेऊन येऊ लागले : भारी कार्ट्रिज घ्यायचे तर कोणते घ्यावे? त्याचे प्रामाणिक उत्तर शोधणे हाच आज आमच्या व्यवसायाचा गाभा झाला आहे.

आमच्याकडे येणाऱ्या तबकड्या प्रामुख्याने ख्यालगायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या असतात, आणि तुलना कशी करायची हे त्यांनीच ठरवले. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर असतो, तर लेबलाजवळ तो 21 सेंटिमीटरपर्यंत उतरतो. म्हणजे तेच स्वर तिथे निम्म्याहून कमी लांबीत कोरलेले असतात. पाश्चात्त्य गाण्यांच्या तबकडीवर त्या जागी बहुधा एखादे संथ गीत ठेवता येते, परंतु ख्याल विलंबितापासून सुरू होऊन द्रुताकडे जातो आणि सर्वांत वेगवान ताना नेमक्या त्या अरुंद जागेत येतात. म्हणून कार्ट्रिजची पारख आम्ही तबकडीच्या शेवटच्या पाच मिनिटांवर करतो. तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, तार सप्तकातल्या आवाजाला खर लागते का आणि त्या गर्दीतही तानपुऱ्याची जवारी टिकते का, हे आम्ही ऐकतो.

हे बहुतांशी हिऱ्याच्या टोकाच्या आकारावर ठरते. गोल टोक त्या बारीक वळणांत पुरेसे शिरत नाही. लंबवर्तुळाकार टोक अधिक शिरते. शिबाता किंवा मायक्रोलाइन टोकाची कड त्याहून बारीक असते आणि ते खाचेच्या भिंतीला उंचीच्या दिशेने अधिक टेकते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम 95 मालिकेत एकाच अंगावर निरनिराळ्या सुया बसतात, त्यामुळे बाकी सारे तेच ठेवून केवळ टोकाचा फरक ऐकवता येतो. ही मालिका काही उंची नव्हे, तरी मोठी खरेदी करणाऱ्याला आम्ही प्रथम हीच ऐकवतो. आवाजाची पातळी मात्र दर वेळी सारखी करून घ्यावी लागते, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो.

त्यानंतर खरी तुलना सुरू होते. जपानच्या एनएचकेच्या प्रसारणासाठी 1960च्या दशकात घडवलेले डेनॉन डीएल-103 हे मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलते अशा प्रकारचे) कार्ट्रिज गोल टोकाचे आहे, 2.5 ग्रॅम दाबावर चालते आणि केवळ 0.3 मिलिव्होल्ट देते. ऑर्टोफोनचे टू-एम ब्लॅक मूव्हिंग मॅग्नेट आहे, म्हणजे त्यात सुईबरोबर चुंबक हलते; त्याला शिबाता टोक आहे, ते 1.5 ग्रॅमवर चालते आणि 5 मिलिव्होल्ट देते. मधल्या पट्टीतला गळा आणि डग्ग्याचे वजन डीएल-103 ज्या भरीवपणे उभे करते, ते माझ्या कानांना फार प्रिय आहे. तरीही द्रुत तराण्यासाठी मी निःसंशय टू-एम ब्लॅक सुचवतो. शिवाय डीएल-103चे निलंबन, म्हणजे सुईच्या दांडीला धरणारी लवचीक बैठक, ताठ असल्याने त्याला प्लेअरचा कार्ट्रिज धरणारा हात (टोनआर्म) जड लागतो, आणि इतका क्षीण संकेत वाढवण्यासाठी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा मूव्हिंग कॉइलसाठीचा फोनो प्रीअ‍ॅम्प (कार्ट्रिजचा संकेत वाढवणारे यंत्र) लागतो. म्हणूनच गिऱ्हाइकाचा प्लेअर पाहिल्याशिवाय आम्ही कोणतेही उंची कार्ट्रिज विकत नाही.

सोलापूरच्या हवेनेही आम्हांला काही शिस्त लावली. सुईमागच्या दांडीला धरणारे रबर उन्हात नरम पडते आणि थंडीत ताठरते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी ऐकलेल्या कार्ट्रिजची तुलना जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या ऐकण्याशी करणे योग्य नाही. उन्हाळ्यात आम्ही या बैठकी सकाळी लवकर घेतो. यंत्रमागांच्या वस्तीतून येणाऱ्या तबकड्यांच्या खाचांत कापसाचे तंतू अडकलेले असतात, आणि त्यांचा पुंजका सुईला लागला की महागडे टोकही बोथट ऐकू येते. तबकडी धुऊन आणि सुई मागून पुढे ब्रशने साफ करूनच आम्ही मत देतो.

खर्चाची एक बाब आम्ही खरेदीआधीच सांगतो. टू-एम ब्लॅकची झिजलेली सुई ओढून काढून घरीच नवी बसवता येते; बहुतेक मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमध्ये ती सोय नसते आणि संपूर्ण कार्ट्रिज बदलून घ्यावे किंवा कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याला हा खर्च काही वर्षांतच पुन्हा करावा लागतो. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येचे जाड टोक लागते, आणि एलपीच्या सुईने त्या वाजवू नयेत, असे आम्ही प्रत्येकाला बजावतो. अशा तबकड्यांचे संग्रह आता अधिक येऊ लागल्याने त्यांच्यासाठी दुकानात स्वतंत्र प्लेअर मांडण्याचे काम सध्या सुरू आहे.