फणेरपेटी द्यायची तर

लग्नात देण्यासाठी हाताने पेटी करायची असेल, तर फणेरपेटीसारखी दुसरी नाही. दागिन्यांची पेटी महिनोन्‌महिने कपाटात राहते. फणेरपेटी रोज उघडते. झाकणात आरसा, खाली फणी, करंडा, मेणाची डबी. आता मेण लावून वर कुंकू रेखणारं कोणी फारसं उरलं नाही, म्हणून त्या जागी बांगड्या धरायच्या.

आणि माप तिथूनच सुरू करायचं. दोन-सहा मापाची बांगडी आतून साधारण ६० मिमी. काचेची जाडी धरली की उभी ठेवायला ७० मिमी उंची लागते. आधी सुबक पेटी करून मग आत काय मावतंय ते बघणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पेट्यांत शेवटी सुया, बटणं आणि जुन्या पावत्या जमतात.

बाहेरून २५० बाय १७० मिमीच्या पेटीला १२ मिमी जाडीची, ११३ मिमी रुंद, ९०० मिमी लांब अशी एकच सागवानी फळी घ्यावी. चारही बाजू तिच्यातूनच ओळीने कापायच्या: लांब, आखूड, लांब, आखूड. म्हणजे लाकडाच्या रेषा तीन कोपऱ्यांवरून सलग वळतात. चौथ्या कोपऱ्यावर त्या जुळत नाहीत; तो मागे, बिजागरीच्या अंगाला टाकावा.

पेटी आणि झाकण वेगवेगळं करायचंच नाही. वर-खाली बंद असा अख्खा ठोकळा जोडायचा आणि मग करवतीने झाकण उतरवायचं. ११३ मधले ८० खालचे, ३० झाकणाचे, उरलेले ३ करवत खाते. आधी लांब बाजू कापाव्यात, त्या फटींत ३ मिमीच्या पट्ट्या घालून वरून चिकटपट्टी मारावी आणि मग आखूड बाजूंना हात घालावा. पट्ट्या नसतील तर शेवटच्या इंचात फट मिटते, करवत आवळते आणि कड चिरफाळते. कापल्यावर सपाट फरशीवर काचपेपर चिकटवून दोन्ही कडा त्यावर घासल्या की झाकण बसतं.

कोपरे ४५ अंशांचे. इथे लाकडाचं तोंड उघडं असतं, ते फेविकॉल पिऊन टाकतं आणि सांधा कोरडाच राहतो. म्हणून पहिला पातळ हात देऊन पाच मिनिटं थांबावं, मग दुसरा. सागाला अंगचं तेल असतं, तेव्हा रंधा मारल्यावर त्याच दिवशी जोडलेलं बरं. शिकंजा, म्हणजे सांधे दाबून धरणारी पकड, आवळला की दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे नसतील तर काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचीही गरज नाही, पेटी तिरकी आहे. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसावा. राहिला तर तिथे पॉलिश धरत नाही, पांढुरका डाग कायम दिसतो.

तळाला ६ मिमीचा प्लाय चालतो, तो फारसा फुगत नाही. झाकणाची फळी मात्र सागाची असेल तर ती बाजूंच्या आतल्या खाचेत नुसती बसवायची, चिकटवायची नाही. रुंदीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मिमी मोकळं सोडायचं. देशावर वैशाखात केलेली पेटी आषाढात ती जागा मागतेच. दिली नाही तर फळी कोपरे उकलते.

आरसा ३ मिमीचा, २२० बाय १४०. त्याचं वजन पाव किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे झाकण मागे पडताना रिकामी पेटी उलटू शकते. पितळी साखळी लावून झाकण काटकोनाच्या जरासं पुढेच अडवावं. आरसा बारीक पट्ट्यांनी धरावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मागचा मुलामा खातं, वर्षा-दोन वर्षांत काळे ठिपके उमटतात.

बिजागरीची खाच पानाच्या जाडीइतकीच. जास्त खोल गेली तर झाकण मागे तटतं आणि पुढे आ वासतं. मग लोक कडीला दोष देतात. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात सरळ पिळला तर डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करावी, मग पितळीला साबण लावून बसवावा.

पॉलिश लाखेचं. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, रात्रभर भिजवून गाळला की झालं. दमट दिवशी हात दिला तर ते पांढरं पडतं. जवसाचं तेल बाहेरून शोभतं, पण आतून मुळीच लावू नये. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने कोंडतो आणि फणीला लागतो. लाखेची एकच खोड: सेंटची बाटली आत सांडली तर तिच्यातल्या स्पिरिटने ती विरघळते. घेणारीला तेवढं सांगून ठेवावं.

शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर पेटी उघडी ठेवावी. घाईने चमकी कागदात गुंडाळली तर कागद पॉलिशला चिकटतो, आणि तो सोलायचं काम ऐन मांडवात नवरीच्या मावशीवर येतं.