रक्तातला पांढरा थर

आज डेंग्यूतून बऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या रक्ताची नळी हातात आली. नाव नाही, फक्त नंबर. फायकॉल या दाट द्रवावर हलक्या हाताने रक्त सोडलं, सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवलं, आणि मधोमध तो ढगासारखा पातळ पांढरा थर दिसला. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी, बी पेशी त्यातच असतात. पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू आहे, तरी तो दिसला की अजून श्वास रोखला जातो.

डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पण पुढे वेगळा प्रकार आला, तर जुनी अँटिबॉडी, म्हणजे आधीच्या प्रकाराविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन, त्याला चिकटते, निष्प्रभ मात्र करू शकत नाही, आणि कधीकधी तिच्याच आधाराने विषाणू पेशीत शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे राखणदारानेच दार उघडलं की गं!" उद्याच्या सेमिनारमध्ये हेच वाक्य वापरणार आहे.

संध्याकाळी पेशी मोजल्या. बहुतेक जिवंत होत्या!

ताप उतरल्यावर, अंगात अशक्तपणा असताना, त्या अनोळखी माणसाने आमच्यासाठी पुन्हा सुई टोचून घेतली. त्याच्या पेशींच्या कुप्यांवरचा नंबर दोनदा तपासला आणि मगच त्या उणे ८०च्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.